फोन त्यांच्याच हातात राहू द्या : सोसायटीत मोबाईलचा वर्ग सुरू करणाऱ्यांसाठी

ऐरोली, रबाळे, महापेच्या कंपन्यांत दिवसभर सर्व्हर सांभाळणारी माणसं संध्याकाळी ज्या इमारतींत परततात, त्याच इमारतींत विजेचं बिल भरून देणारं कुणी भेटेल का म्हणून वाट बघत बसलेल्या काकूही राहतात. नवी मुंबईत जाणकारांची वानवा नाही. त्यांनी आठवड्यातून दीड तास काढला तरी पुष्कळ होण्यासारखं आहे. मी नेरूळमध्ये असे वर्ग घेते. ज्यांना आपल्या सोसायटीत, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात किंवा तिकडे ठाण्यात एखाद्या वाचनालयात असं काही सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुठून सुरुवात करायची, कशावर वेळ घालवायचा आणि पहिल्या महिन्यात कशाला हातही लावायचा नाही, ते सांगते.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्या. "अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी देऊ नका" अशा सूचनांची यादी ऐकवून कुणी सुरक्षित होत नाही. भित्र्या स्वभावाची माणसं ती ऐकून फोन कपाटात ठेवून देतात आणि धीट माणसं यादीत नसलेल्या फसवणुकीत सापडतात. पैसे नेमके कुठे असतात, ते कशाने हलतात, बँक आपल्याला कशावरून ओळखते, एवढं ज्याला उमगलं त्याला कधी न ऐकलेला बनावही खटकतो. म्हणून आधी समज द्यायची, सूचना नंतर.

जमवाजमव

सहा ते आठ माणसं आणि शिकवणारे दोघं, याहून मोठा वर्ग नको. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मागे पडलेल्याच्या शेजारी बसायचं. ज्येष्ठांसाठी सकाळी साडेदहा-अकराची वेळ बरी. दुपारी ते आडवे होतात, संध्याकाळी फिरायला जातात आणि त्यानंतर मालिका सुरू होतात. घरकाम करणाऱ्या मावशी, रिक्षावाले, भाजीवाले यांना यातली एकही वेळ जमत नाही. त्यांचा वर्ग रविवारी, आणि वेगळा.

एक्स्टेंशन बोर्ड, दोन्ही प्रकारच्या पिनांचे चार्जर आणि प्रत्येकाची स्वतःची वही एवढं सामान पुरतं. छापील पत्रकं काढू नका. एकाचा फोन रेडमीचा, दुसऱ्याचा सॅमसंगचा, तिसऱ्याचा मुलाने वापरून झाल्यावर दिलेला असतो, आणि तिघांच्या सेटिंग्जची मांडणी वेगळी असते. त्यामुळे "आधी इथे, मग तिथे" हा रस्ता पाठ करून घेण्यात अर्थ नाही. सेटिंग्ज उघडल्यावर वर शोधण्याची जागा असते, तिथे हवा तो शब्द लिहायचा किंवा बोलायचा, ही सवय लावा. ती पुढचा फोन घेतल्यावरही उपयोगी पडते.

पहिला वर्ग : फोन आपलासा करणं

शिकवणाऱ्याने कटाक्षाने पाळायचा नियम असा की समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो, बोट त्यांचंच चाललं पाहिजे. "द्या इकडे, मी करून देतो" म्हणत घरच्यांनी वर्षानुवर्षं हेच केलेलं असतं आणि म्हणूनच त्यांना काही येत नसतं. तुमची बोटं स्क्रीनवर फिरली की त्यांचे डोळे मिटले म्हणून समजा.

हा नियम सुरक्षिततेचाही आहे. कुणी पिन टाकत असेल तेव्हा उघडपणे मान वळवा आणि "मी बघत नाही, तुम्हीही मला सांगू नका" असं मोठ्याने म्हणा. चांगला माणूस आपला पिन बघत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असलं की उद्या फोनवर पिन विचारणाऱ्याचा संशय आपोआप येतो.

पहिल्या दिवशी पैशांचं नावही काढू नका. अक्षरं मोठी करायची, भाषा मराठी करायची (कुणाला इंग्रजीचीच सवय असेल तर राहू द्यावी, आग्रह नको), आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला शिकायचं. मग कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाखवा. मराठीत बोललं की मराठीत लिहून येतं, हे बघून ज्यांनी कधी मेसेज टाइप केला नव्हता त्यांचे चेहरे खुलतात. लिहिण्याची धास्ती गेली की पुढचं सगळं सोपं जातं.

फोन अडकतो, हँग होतो ही तक्रार हमखास येते. बहुतेक वेळा जागा भरलेली असते आणि ती फुलांच्या, सूर्योदयाच्या "शुभ सकाळ" चित्रांनी भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा या भागात जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. एवढ्यावरही तुमच्याबद्दल विश्वास बसतो, आणि हा विश्वास पुढे फार कामाला येतो.

स्क्रीन लॉक याच दिवशी. पुष्कळ ज्येष्ठांच्या फोनला लॉकच नसतं, कारण अंगठ्याचा ठसा उमटत नाही. वय झालं, किंवा हातांनी जड काम केलेलं असलं, की ठसे झिजतात. त्यात त्यांचा काही दोष नाही हे सांगा आणि सहा आकडी पिन ठेवायला लावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको.

दुसरा वर्ग : कोणतं कुलूप कशाचं

सगळा गोंधळ इथे असतो. स्क्रीनचा पिन, यूपीआयचा पिन, एटीएमचा पिन, व्हॉट्सॲपचा पिन, गूगलचा पासवर्ड आणि वर येणारे ओटीपी, हे सगळं अनेकांच्या डोक्यात एकच असतं. वहीचं एक पान आडवं धरून प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायला लावा : याने काय उघडतं, तो कुठे टाकायचा, आणि तो कुणाला सांगायचा. तिसऱ्या रकान्यात खालपर्यंत "कुणालाही नाही" हेच येतं, आणि ते स्वतःच्या हाताने ओळीत लिहिलेलं त्यांच्या लक्षात राहतं. खरे आकडे मात्र वहीत लिहू देऊ नका.

त्यानंतर समजवायचं ते हे : पैसे फोनमध्ये नसतात. ते बँकेच्या संगणकावर असतात. फोन ही बँकेच्या काउंटरची खिडकी, आणि खिडकीपलीकडचा माणूस आपल्याला सिमकार्डाच्या नंबरवरून ओळखतो. एवढं कळलं की बरेच प्रश्न तेच सोडवतात. फोन फुटला तर पैसे जातात का? नाही. सिम दुसऱ्याच्या हाती पडलं तर? मग आपले ओटीपी त्याच्याकडे जातील. म्हणून फोन चोरीला गेला की आधी सिम बंद करायचं आणि मग बँकेला कळवायचं. ठाणे स्टेशनच्या संध्याकाळच्या गर्दीत फोन गेला, तर हा क्रम माहीत असलेला माणूस तिथल्या तिथे कुणाच्या तरी फोनवरून कंपनीला कॉल लावतो.

याच वर्गात डायलवर *#०६# दाबून दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय नंबर वहीत उतरवून घ्या. पोलिसांत तक्रार केल्यानंतर केंद्र सरकारच्या संचार साथी या पोर्टलवर त्या नंबरचा फोन देशभर बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हेही तिथे दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतं.

सिमला स्वतःचा पिन लावता येतो आणि तो लावलेला चांगला. पण कंपनीने दिलेला मूळ पिन माहीत नसताना अंदाजाने टाकत बसू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि सोडवायला पीयूके नंबर लागतो. पहिल्या महिन्यात हे टाळलेलंच बरं.

व्हॉट्सॲपचं दुहेरी कुलूप मात्र लगेच लावा. सेटिंग्ज, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, आणि सहा आकडी पिन. जाता जाता "लिंक केलेली उपकरणं" उघडून बघा. तिथे ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर काढून टाका. आणि आपल्याला कुणीही उठून ग्रुपमध्ये घालू शकतं, ते "फक्त माझे संपर्क" असं करा. शेअर बाजारात दामदुप्पट करून देणारे ग्रुप तिथेच थांबतात.

तिसरा वर्ग : एक रुपया

या वर्गाला सगळ्यात जास्त वेळ द्या. दीड तास पुरला नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हाच घ्या.

दोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला एक रुपया पाठवायचा. पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव येतं, ते मोठ्याने वाचायचं. मग पिन. मग दोन्ही फोनवर आलेले बँकेचे मेसेज वाचायचे : एकावर डेबिट, एकावर क्रेडिट. मग उलट दिशेने.

वाशीच्या एपीएमसी मार्केटात आयुष्यभर माथाडी काम केलेले एक आजोबा माझ्या वर्गात होते. त्यांनी रुपया पाठवला, सगळं नीट जमलं. मग शेजारच्या काकूंनी त्यांना रुपया पाठवला आणि आजोबा फोन डोळ्यांजवळ धरून काहीतरी शोधत राहिले. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, "पैसे घ्यायचे असले तर पिन कुठं टाकायचा?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, कुठे टाकायचा?" त्यांनी पुन्हा स्क्रीन वर-खाली केली, मेसेज बघितला, काकूंचा फोन बघितला. रुपया येऊन पडला होता. "टाकायचाच नाही की," असं म्हणून त्यांनी वही ओढली आणि ते लिहून घेतलं. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं, हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. ते त्यांचं त्यांना सापडलं. तुमच्या वर्गातही घाई करून उत्तर देऊ नका, ते सापडू द्या.

यातूनच पुढची पायरी घ्या. समजा कुणी फोन करून म्हणालं, "चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा." मोबाईलवर मेसेजही आलाय. काय करायचं? मेसेज कुणीही बनवून पाठवू शकतो, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघायची. खरोखर आले असतील तर "तुमच्या बँकेतून परत मागवा, मीही माझ्या बँकेला कळवतो" एवढंच म्हणायचं. भाजीवाल्यांच्या वर्गात हाच धडा गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर घ्या. दाखवलेलं चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेचा मेसेज किंवा साउंडबॉक्सचा आवाज आल्यावरच माल द्यायचा.

पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका, असा माझा ठाम सल्ला आहे. दुसरं छोटं खातं उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवावेत आणि तेच जोडावं. उद्या काही झालंच तर आयुष्यभराची पुंजी त्या वाटेवर नसते. यूपीआय लाइट चांगली सोय आहे, पण त्यात छोट्या रकमा पिनशिवाय जातात आणि "पिन टाकला की पैसे गेले" हे नुकतं पक्कं होत असताना डोक्यात गोंधळ होतो. ते नंतर शिकवा.

चौथा वर्ग : नाटक

फसवणुकीचे प्रकार सांगत बसू नका, करून दाखवा. तुमच्या जोडीदाराला दुसऱ्या खोलीत पाठवा आणि तिथून स्पीकरवर फोन करायला सांगा : "महावितरणमधून बोलतोय, तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार." खेळ आहे हे माहीत असूनही खोलीत गडबड उडते. मग थांबा आणि विचारा, घाई कोण करतंय? आणि कशासाठी?

इथे कायद्याची माहिती कामाला येते. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे "आज रात्री" हा शब्द आला तिथेच तो माणूस खोटा ठरला. फोन ठेवायचा, बिल हातात घ्यायचं आणि बिलावर छापलेला नंबर किंवा १९१२ आपण स्वतः लावायचा. आलेल्या कॉलवर व्यवहार नाही, आपण लावलेल्या नंबरवरच बोलायचं, हे वाक्य गॅस, बँक, कुरिअर सगळ्यांना लागू पडतं.

दुसरा प्रसंग पोलिसांचा. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे कार्यालयाचा देखावा, "तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाशी बोलायचं नाही." आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४च्या "मन की बात"मध्ये हे सांगितलं होतं. "कुणाशी बोलायचं नाही" यावर बोट ठेवा. खरे पोलीस मुलाला फोन करू नका असं सांगत नाहीत. यातून वर्गाला एक काम द्या : प्रत्येकाने असा एक माणूस ठरवायचा, ज्याला अशा वेळी कितीही वाजता फोन लावता येईल, आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवायचं. हल्ली नातवाचा आवाज हुबेहूब काढून पैसे मागता येतात. त्यासाठी घरातल्यांनाच माहीत असलेला एक प्रश्न ठरवून ठेवावा.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे सिडकोचं घर. "लॉटरीत लागलेलं घर मिळवून देतो, आधी टोकन भरा" म्हणणारे भेटतात. सिडकोची सोडत सिडकोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून होते, मधल्या माणसाच्या खात्यात पैसे भरायचे नसतात. बँकांच्या बाबतीतही पत्ता बघायची सवय लावा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळं "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर नेण्याचा आदेश दिला होता. बँकेच्या नावाखाली आलेल्या पत्त्याचा शेवट तसा नसेल तर पुढे जायचं नाही.

राहिलं एपीके. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके हे ॲप आहे आणि ते फोनमध्ये शिरून आपले मेसेज, म्हणजेच ओटीपी, वाचू शकतं. सेटिंग्जमध्ये "अननोन ॲप्स" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम यांच्यापुढची परवानगी बंद करा. मग प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट उघडून तपासणी करून घ्या. बँकेचा माणूस म्हणून कुणी स्क्रीन दाखवण्याचं ॲप घ्यायला लावलं, तर आपण जे जे टाकू ते त्याला दिसतं. हे दोन फोनवर व्हॉट्सॲपचं स्क्रीन शेअरिंग लावून प्रत्यक्ष दाखवा. स्वतःचा कॅलेंडर दुसऱ्याच्या फोनवर हलताना बघितला की पुन्हा समजवावं लागत नाही.

पैसे गेलेच तर

हे वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या : १९३०. राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक. गेलेले पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात. १९३०वर कळवलं की बँकांना इशारा जातो आणि जिथे पोहोचले असतील तिथे ते रोखता येतात. त्यामुळे जितक्या लवकर फोन, तितके वाचण्याची शक्यता जास्त. हाताशी काय लागेल? रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो कुठे दिसतो ते एक रुपयाच्या व्यवहारावर दाखवून ठेवा. त्यानंतर बँकेला कळवायचं, तक्रार क्रमांक घ्यायचा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर नोंद करायची आणि सायबर पोलिसांकडे जायचं.

बँकेला तातडीने कळवण्याला आणखी कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीची माहिती १४४४८ वर मिळते.

पण हे सगळं कागदावर राहतं, जर माणूस गप्प बसला. आणि तो गप्प बसतो घरच्यांच्या भीतीने. "इतकं सांगून कळत कसं नाही", "आता तुमचा फोनच काढून घेतो" हे ऐकावं लागेल म्हणून पैसे गेल्याचं दोन-दोन दिवस कुणाला सांगत नाहीत, आणि तेच तास मोलाचे असतात. म्हणून एका वर्गाला मुलां-सुनांना मुद्दाम बोलवा. त्यांना सांगा : आई-बाबांनी असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलंत, चला १९३० लावू" हेच असलं पाहिजे. फसवणारे म्हणजे रोज नवी नाटकं रचणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांच्यापुढे शिकलेसवरलेलेही फसतात. फसलेल्याला गुन्हेगारासारखं वागवणं मला सहन होत नाही, आणि तुम्हीही ते वर्गात होऊ देऊ नका.

कागदपत्रं, कर्ज आणि पेन्शन

झेरॉक्सच्या दुकानात आपण आधार, पॅन व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि ते त्या संगणकावर तसंच राहतं. प्रिंट मिळाली की समोर उभं राहून काढून टाकायला सांगा. शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. अंगठ्याने पैसे काढण्याची सोय वापरत नसाल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

घरकाम करणाऱ्या मावशींच्या वर्गात कर्ज देणाऱ्या ॲपांचा विषय निघतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा ॲपने आपली संपर्क यादी, फोटो, कॉलची नोंद बघणं चालत नाही. ती परवानगी मागितली तर ॲप काढून टाकायचं, आधी कर्ज घेऊन मग बघू असं नको. आणि फोन घरात एकच असून मुलं त्यावर खेळत असतील, तर यूपीआयच्या ॲपला वेगळं लॉक लावून घ्या.

वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू केलात तर नोव्हेंबरचं एक छान काम हाती असेल. निवृत्तांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. जीवन प्रमाण ही सोय २०१४पासून आहे आणि आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, उजेडाकडे तोंड करून बसायचं, डोळे मिचकवायचे. ज्यांनी चार वर्ग नीट केले त्यांना हे स्वतःचं स्वतः जमतं, आणि बँकेत रांग लावावी लागत नाही.

महिन्याभराने

शेवटच्या वर्गात सगळ्यांना सांगून ठेवा की येत्या महिन्यात कधीतरी तुम्हाला एक खोटा फोन येईल, आमच्याकडून. तुमच्या जोडीदाराने अनोळखी नंबरवरून, भर दुपारी, कामाच्या घाईत तो करावा. ओटीपी मागावा, थोडा दम द्यावा. ज्याने फोन ठेवला त्याला संध्याकाळी कळवा. जो बोलत राहिला त्याच्या घरी जा, चहा घ्या, कुठल्या वाक्याला खरं वाटलं ते विचारा आणि ते वाक्य पुढच्या तुकडीच्या नाटकात घाला. त्याला पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करा.